दारू सुटली का?

माझ्या दिराला अख्खी गल्ली दारूवाला म्हणायची आणि मेल्यांपैकी कुणाला त्यात काही वाटायचं नाही. भावजी जन्मात थेंबालाही शिवले नाहीत. दगडाच्या खाणीत सुरुंग लावायचं त्यांचं काम. खडकात भोक पाडायचं, त्यात दारू ठासायची, वात पेटवायची. खडक फोडते तीही दारू आणि घर फोडते तीही दारूच. चुलीतल्याला सरपण म्हणतो, स्टोव्हमधल्याला रॉकेल, बंबात घालतो त्या ढलप्या, आणि पेपरवाले सगळ्यालाच इंधन म्हणून मोकळे होतात. एवढे शब्द आहेत, मग हिलाच तेवढा वेगळा शब्द द्यायला कुणाला काय धाड भरली होती, देव जाणे.

वात पेटवायची वेळ झाली की शिट्टी वाजायची आणि सगळे गडी लांब पळायचे. भोकापाशी भावजी एकटे. घरी आले तरी तसेच. जेवायचे, "वहिनी, झालं" म्हणायचे, की संपलं दिवसभराचं बोलणं. आमचे हे म्हणायचे, "त्याच्या तोंडाला कुलूप आहे आणि किल्ली खाणीत पडलीय."

मग एकदम त्यांना ढलप्या आणायची हौस आली. आमचा बंब तो केवढा, आणि घरात लाकडांचा डोंगर. मी काही दुधखुळी नव्हते. वखारवाल्याची बहीण काट्यावर बसायची. नवरा गेल्यावर माहेरी परत आलेली, शांत, नीटनेटकी.

"काय बोलता तिच्याशी?" मी विचारलं.

"वजन बरोबर आहे, म्हणतो."

"आणि ती?"

"ती म्हणते, हो."

एवढ्यावर मीच शब्द टाकला. वखारवाला बहिणीला घेऊन आमच्याकडे आला. दोघांना जरा बोलू द्यावं म्हणून हे त्याला अंगणात घेऊन गेले आणि मी चहा टाकायला आत. स्टोव्हला पंप मारला, तो असा भणाणला की बाहेरचं अक्षर ऐकू येईना. कप घेऊन बाहेर येते तर बाई दारात चपला घालतेय. चहा न घेताच गेली.

"दारू सोडा म्हणाली," भावजी म्हणाले. "मी म्हटलं, आता नाही सुटायची. तिच्याशिवाय मला दुसरं येतं काय?"

मी कपाळाला हात लावला. "अहो, हो म्हणायचं. दुसरं काम मिळालं असतं."

"आणि नसतं मिळालं तर? एक नवरा गेलाय तिचा. पुन्हा रोज वाट बघत बसायला लावू?" त्यांनी तिचा न घेतलेला कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, "वहिनी, तिला माझ्या जिवाची भीती वाटली. आजवर कुणाला वाटली नव्हती." आणि हसले. त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच बघितलं, आणि मला रडू आलं.

पुन्हा काही ते वखारीत गेले नाहीत. खाण बंद पडली, गॅस आला, बंब अडगळीत गेला. हेही गेले. मुलं आपापल्या संसारात. घरात आता आम्ही दोघंच म्हातारी, आणि त्यांचं बोलणं अजून तेवढंच. कधीतरी मध्येच म्हणतात, "सोडा म्हणाली होती."

परवा बाजारात ती भेटली. केस पांढरे, एकटीच. इकडचं तिकडचं झालं आणि मग तिनं हळूच विचारलं, "दारू सुटली का त्यांची?"

"सुटली की. खाण बंद पडली तेव्हाच."

"खाणीत जाऊन प्यायचे?"

"प्यायचे? कोण?" मी म्हटलं. ती म्हणाली, "भावानं टपरीवर चौकशी केली होती. तो होय, दारूवाला, असं सांगितलं लोकांनी. माझा नवरा दारूपायीच गेला. तरी वाटलं, यांना एकदा विचारून बघावं. सोडतो म्हणाले असते तर केलं असतं मी लग्न."

मी तिला सगळं सांगितलं. पिशवी खाली ठेवून ती तिथंच दुकानाच्या पायरीवर बसली.

घरी येईपर्यंत ठरवलं होतं, भावजींना खरं काय ते सांगायचं. ते खिडकीशी बसले होते.

"कोण भेटलं?"

"वखारवाली."

ते सरळ होऊन बसले. "काय म्हणाली?"

जीभ रेटेना माझी. "विचारत होती, दारू सुटली का म्हणून."

भावजी कितीतरी वेळ हसत राहिले. "अजून काळजी करते," म्हणाले.

मी तोंडाला पदर लावून आत गेले आणि गॅस पेटवला. त्या मेल्याचा आवाजच होत नाही.