सुटका झाली, सनद गेली

लिटिल इंडियातल्या भाजीच्या दुकानात शेपूचा वास आला की मला शिकत असतानाचा क्वीन्सटाउनचा आमचा जुना फ्लॅट आठवतो. माझ्याबरोबर राहणारी मैत्रीण कायद्यात संशोधन करायची. तिच्या देशातली समाजवादी राजवट कोसळली तेव्हा ती पाळण्यात होती. एका रविवारी ती सूपसाठी शेपू चिरत असताना तिच्या आईचा फोन आला. तिच्या वकील बहिणीला पोलिसांनी उचललं होतं, कारण मोर्चात पकडलेल्या विद्यार्थ्यांचं वकीलपत्र तिने घेतलं होतं. जेवायला आलेले आमचे एक प्राध्यापक समजुतीच्या सुरात म्हणाले, "तिकडच्या लोकांना स्वातंत्र्याची सवयच नाही गं. वेळ लागणारच." मैत्रिणीने सुरी खाली ठेवली. "लोकांना सवय नाही, सर? मग माझी बहीण कोठडीत कशासाठी आहे? आमच्या घटनेत सगळे हक्क लिहिलेत. पण न्यायाधीशाची बढती सरकारच्या हातात असेल, तर तो ते हक्क कुणाला देणार?" दुसऱ्या दिवशी तिच्या गावातले वकील कोर्टात जाऊन बसले आणि उठायलाच तयार होईनात, तेव्हा कुठे संध्याकाळी बहीण सुटली. तिची वकिलीची सनद मात्र काढून घेतली, ती कायमचीच. आता बहीण बेकरीत पाव विकते, आणि पकडलेल्या मुलांचे आईबाप सल्ला विचारायला तिथे येतात. तरीही कुणी शहाणा जेव्हा मला ऐकवतो, की त्या लोकांना स्वातंत्र्य पेलत नाही, तेव्हा माझं डोकं फिरतं.