सुबक रेघेचा घात

नकाशेवाल्यांची रेघ केसाहून बारीक. तीस वर्षं घरांचे नकाशे काढले, पण त्यांना खोडरबर हातात घेतलेलं कोणी पाहिलं नव्हतं. आणि हीच रेघ त्या दिवशी त्यांच्या मुळावर उठली.

कंपनीने निर्वाणीचं कळवलं होतं: दवाखान्याच्या इमारतीचं रंगीत चित्र आज चारपर्यंत आलं नाही, तर उद्यापासून काम दुसऱ्याला. नकाशेवाल्यांना काम देणारं दुसरं कोणी उरलंच नव्हतं. सव्वानऊ वाजले होते आणि घरचा म्हातारा कॉम्प्युटर नकाशावरून ते चित्र रंगवायला सात तास घेणार होता.

प्रोसेसरचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य चिपचा, वेग म्हणजे मदरबोर्डाच्या घड्याळाचा ठोका गुणिले एक आकडा. ठोका वाढवला की यंत्र गोठायचं. आकडा सात, तोही कारखान्यातूनच कुलूपबंद. दुरुस्तीवाल्याने फोनवर तोडगा सांगितला: चिपच्या पाठीवर ठिपक्यांच्या चार जोड्या आहेत, त्या पेन्सिलीने जोडा, शिशातून वीज जाते, कुलूप उघडतं, आकडा वाढवता येतो.

पेन्सिल म्हटल्यावर काय, छाती फुगली. सगळ्यात कडक पेन्सिल काढली, टोक सुईसारखं केलं, श्वास रोखून चार रेघा मारल्या. फ्रेम करून लावाव्यात अशा. चिपवरचा पंखा परत बसवला, यंत्र सुरू केलं. सात. पुन्हा उघडलं, पुन्हा रेघा. सातच. दहा वाजले.

शिवण बाजूला ठेवून बायको आली. चष्मा नाकावर घेऊन वाकली. "अहो, ही रेघ आहे की नुसता भास? हिच्यावरून मुंगी जायची नाही, वीज कुठली जातेय."

"जाड काढली आणि शेजारच्या ठिपक्याला लागली, तर सगळंच संपेल."

"संपायला आता राहिलंय काय?"

तिने मापांच्या कागदावर खुणा करायची आपली मऊ, काळीकुट्ट पेन्सिल पुढे केली. आयुष्यात पहिल्यांदा नकाशेवाल्यांनी गचाळ रेघ ओढली. एक नाही, चार. प्रत्येक वेळी तोंड असं, जणू कोणी दात उपटतंय.

आकडा हलला. नऊ.

सव्वादहाला चित्र सुरू झालं. कॉम्प्युटरचा डबा तव्यासारखा तापला. बायकोने आपला टेबलफॅन त्याच्यासमोर ठेवला आणि स्वतः घामाघूम होत शिवत राहिली. जेवायचं कोणाला सुचलं नाही. पट्टा-पट्टा करत इमारत पडद्यावर उतरत होती, नकाशेवाले घड्याळाकडे बघायला घाबरत होते. पावणेचारला शेवटची पायरी उमटली. चित्र कंपनीला गेलं.

"मिळालं. पुढचं चित्र उद्या दुपारपर्यंत," उत्तर आलं.

नकाशेवाले उठले, स्क्रूड्रायव्हर घेतला.

"आता काय?"

"त्या रेघा पुसून जरा नीट काढतो. उद्या कोणी उघडून पाहिलं तर काय म्हणेल."

बायकोने कडक पेन्सिलींचा डबा उचलला, शिलाई मशीनच्या खणात टाकला, कुलूप लावलं आणि किल्ली मुठीत धरून पुन्हा शिवायला बसली.