निघणाऱ्याचा डबा

आमच्या घरात दाण्याच्या वड्या सणाला होत नाहीत की पाहुण्याला होत नाहीत. घरातलं माणूस नोकरीवर निघालं की होतात. मी फौजेत होतो तेव्हा आई करायची, तिच्यामागं बायको करू लागली. भाजलेले दाणे मिक्सरला इतके फिरवायचे की कूट तेल सोडून लोण्यासारखं मऊ होतं. त्यात किसलेला गूळ, चमचाभर तूप, चिमूटभर मीठ, आणि ताटात थापायचं. पाक बघत बसायला नको. वरचा चॉकलेटचा थर मात्र लेकीचा. सातवीत असताना तिनं तो हौसेनं लावला, आणि तेव्हापासून तोही घरचाच झाला.

एरवी कुणाचा डबा रिकामा परत द्यायची आमच्यात पद्धत नाही. हा डबा रिकामाच यायला हवा. म्हणजे माणूस तिकडं खाऊनपिऊन बरं आहे.

गेल्या उन्हाळ्यात लेक पोलिसाच्या ट्रेनिंगमधून चार दिवसांच्या सुट्टीवर आली आणि दारातच म्हणाली, "आबा, मी माघारी जाणार न्हाई." दोरावर चढताना तीनदा घसरली होती, सगळ्या तुकडीसमोर. मी काय केलं, तर ओरडलो. दोन वर्षं पहाटे उठून माळावर पळालीस ती याच्यासाठी का, इथपासून सुरू झालो आणि थांबलोच नाही. मी निवृत्त झालो, पण माझी जीभ अजून फौजेतच आहे. पोरीनं बोलणं बंद केलं. जेवायला यायची, ताट धुऊन ठेवायची, की परत आतल्या खोलीत. सोमवारी संध्याकाळी हजर झाली नाही तर नाव कटणार होतं.

रविवारी सकाळी मी बायकोला म्हणालो, वड्या कर.

"आवं, ती जात न्हाई म्हणतीया. आता वड्या केल्या म्हंजी आपुनच तिला हाकललं की!" असं म्हणून ती पिशवी घेऊन वडूजच्या बाजाराला गेली.

तिचं बरोबर होतं. पण मला तोंडानं चूक कबूल करता येत नाही, हातानं काहीतरी करावं लागतं. म्हणून मीच दाणे भाजले. मिक्सरचं एक भांडं धुऊन पालथं घातलेलं होतं, ते घेतलं. लसणाच्या चटणीचं भांडं वेगळं असतं आणि ते हेच, हे इतकी वर्षं या घरात जेवून मला ठाऊक नव्हतं.

तास-दीड तास फ्रीजमध्ये ठेवून वड्या कापल्या आणि ताटली लेकीसमोर सरकवली. तिनं एक तोंडात टाकली. चावता चावता थांबली.

"आबा, कंच्या भांड्यात फिरवलं?"

मीही खाऊन बघितली. आधी चॉकलेट, मग गूळ, आणि मागून लसूण. ती हसायला लागली. आल्यापासून पहिल्यांदा हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

मग मी तिला बायकोलाही कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. पहिल्या सुट्टीनंतर मी डबा घेऊन स्टँडवर गेलो, दोन गाड्या सोडल्या आणि संध्याकाळी घरी परत आलो. आईनं डबा फडताळात ठेवला आणि म्हणाली, "सकाळची गाडी कितीला हाय?"

"मग मला कशापायी वरडला?" लेकीनं विचारलं.

"भ्यालो गं," मी म्हणालो. "न्हाई गेलीस तरी डबा तुझाच. हितंच बसून खा."

तिनं ताटलीतली आणखी एक वडी उचलली.

सोमवारी सकाळी उठून बघतो तर बॅग दाराशी, आणि लेक स्वयंपाकघरात डब्यात वड्या रचत होती. तीच लसणाची खेप. "आबा, झाकण कुठं हाय?" असं तिनं विचारलं तेव्हा मला इतकं हायसं वाटलं की मी सगळी मांडणी धुंडाळली. झाकण माझ्या हातातच होतं.

दिवाळीला डबा परत आला. रिकामा, घासून लख्ख केलेला. दोराचं काय झालं ते विचारायचं माझ्या ध्यानातही आलं नाही. बायकोनं डबा नाकाशी धरला आणि म्हणाली, "आजून लसूण येतोया."