माचावरची हजार माणसं

पारनेर तालुक्यातल्या त्या गावची निम्मी दारं, झाडून सगळ्या बैलगाड्या आणि ख्रिस्ती वस्तीतली प्रत्येक शवपेटी इसहाक मिस्त्रीच्या हातची. पण गावच्या लाऊडस्पीकरवर त्याचं नाव कधी आलं नव्हतं. भाकरीची भूक माणूस मारू शकतो. नाव ऐकायची भूक भल्याभल्यांना मारता येत नाही.

बहात्तर सालच्या माघात जिल्ह्याच्या कुस्त्यांचं मैदान गावाला मिळालं, आणि तेही मिस्त्रीच्या आवाराला लागून. त्याची मुलगी मरिया अकरावी पास झाली होती. नगरच्या दवाखान्यात नर्सच्या शिक्षणासाठी तिला जागा मिळाल्याचं पत्र आलं होतं. जूनच्या आत अनामत भरायची होती. मिस्त्रीने पोटाला चिमटा घेऊन निम्मी रक्कम साठवली होती. उरलेल्या निम्म्यासाठी त्याने आवारात, वर बसून कुस्त्या दिसतील असा घरातल्या लाकूडफाट्याचा उंच माच उभारला, शिडी लावली आणि माणशी आठ आणे ठेवले. शिडीपाशी मरिया बसली. संध्याकाळपर्यंत एकशे ऐंशी माणसं चढली. मैदान भरवणाऱ्या कमिटीच्या तिकिटांवर करमणूक कराचा शिक्का होता, तो मिस्त्रीने पाहिलाही होता. पण तो कर पैलवानांच्या बिदागीवर असतो, अशी त्याची भाबडी समजूत.

मैदानाची एक रीत होती. कुस्तीला कुणी इनाम लावलं की सहादेव पुकाऱ्या ते फुगवून सांगायचा. पाच दिले की एकावन्न, अकरा दिले की एकशे एक. ऐकणारे मनातल्या मनात भागाकार करायचे आणि देणाऱ्याची मान ताठ व्हायची. यात कुणाला खोटं वाटत नसे. मिस्त्रीनेही एका कुस्तीला पाच रुपये लावले आणि सहादेवच्या कानाशी लागून म्हणाला, जरा माचाचंही सांग. सहादेव दिलदार गडी. त्याने कर्णा दणाणून सोडला: इसहाक मिस्त्रींकडून एकावन्न रुपये, त्यांच्या माचावर आज हजार माणूस बसलंय!

नाव ऐकून मिस्त्रीचीही मान ताठ झाली. पाहुण्यांच्या खुर्च्यांत करमणूक कराचे इन्स्पेक्टर बसले होते. ते बाहेरगावचे, त्यांना भागाकार ठाऊक नव्हता. त्यांनी आकडा टिपून घेतला.

दुसऱ्या दिवशी चावडीवर बोलावणं आलं. पैसे घेऊन खेळ दाखवलास, शिक्क्याचं तिकीट नाही, हजार माणसांचा कर आणि वर दंड भर, असं इन्स्पेक्टर साहेबांनी सांगितलं. माणसं एकशे ऐंशीच होती, मुलीने एकेक मोजून घेतली, हे मिस्त्री परत परत सांगत राहिला. साहेब म्हणाले, तुझीच मुलगी, ती काय वेगळं सांगणार? पुकारणाऱ्याला बोलवा.

सहादेव आला. चावडीत पाटील होते, कमिटीवाले होते, इनामं लावलेले सगळे होते. आपण आकडा फुगवला हे एकदा कबूल केलं, तर पाटलांचे एकशे एक तरी कुठे खरे राहणार होते? सगळ्या गावाची अब्रू त्या एका माणसाच्या जिभेवर आली. पाटील नुसते खाकरले.

"सांग ना सहादेवा," मिस्त्री म्हणाला. "तुला ठावं हाय की."

सहादेवने जमिनीकडे पाहिलं. "मी पुकारलं ते खरंच पुकारलं, साहेब. आमी मैदानात खोटं बोलत न्हाई."

संपलं. मिस्त्रीला त्याचा राग यायला हवा होता, पण त्याला स्वतःचीच किळस आली. पाच रुपयांत नाव विकत घ्यायला गेला आणि लेकीचं नशीब देऊन बसला. माचाची मिळकत गेली, साठवलेले गेले, शेवटी माचाच्या फळ्याही गेल्या. दवाखान्याला न येण्याचं पत्र मरियानेच लिहिलं. तिचं अक्षर फार सुरेख होतं.

त्या साली पाऊस पडलाच नाही. रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला सगळं गाव लागलं आणि हातोड्यांना दांडे बसवायचं काम मिस्त्रीकडे आलं. दिवसाला वीस-पंचवीस दांडे तो डोळे मिटून ठोकायचा. एका सकाळी मरियाच हातोडीचं लोखंड घेऊन समोर उभी राहिली. हजेरीत तिचं नाव लागलं होतं.

"मला बी एक बसवा, बाबा," ती म्हणाली.

मिस्त्रीने बाभळीचा चांगला तुकडा शोधला. मग तो तासत राहिला, घासत राहिला, पुन्हा घासत राहिला. मुकादमाची हाक दोनदा येऊन गेली. तिच्या तळहाताला फोड येऊ नये, एवढंच आता त्याच्या हातात उरलं होतं.