सुनेत्राचं तीन पायांचं टेबल

सुनेत्रा उंचीनं जेमतेम पाच फूट. कऱ्हाडच्या शाळेत एनसीसीत असताना हवालदार तिला म्हणायचे, "पोरी, रायफल तुझ्या बरोबरीची आहे, पण नेम मात्र रायफलीहून मोठा आहे तुझा." लग्न, नोकरी, परदेश या धबडग्यात ती रायफल पस्तीस वर्षं मागं पडली. मग तिकडच्या उइटहॉर्न गावात घर घेतलं आणि बाईला कळलं, गावाबाहेरच्या जुन्या गोठ्यात एअर रायफलचा क्लब आहे. दुसऱ्याच आठवड्यात गेली आणि नाव घालून आली.

दोन वर्षं उभ्यानं झकास नेम मारला. गेल्या हिवाळ्यात मात्र बर्फावरून सायकल घसरली, गुडघा दुखावला आणि डॉक्टरांनी फार वेळ उभं राहायला मनाई केली. क्लबवाले म्हणाले, टेबलाशी बसा, कोपरं टेका आणि मारा. आता हे टेबल बनवलेलं कुणी? तर वीबे नावाच्या म्हाताऱ्यानं, आणि तो साडेसहा फूट उंच! त्या टेबलापुढं सुनेत्रा बसली की पाय अधांतरी आणि हनुवटी फळीवर. त्यात टेबल डुगडुगायचं. छर्रे असे पांगायचे, जशी फोडणीतली मोहरी.

सगळे हसले. तीही हसली. पण एका सकाळी चहा गाळताना तिला वाटलं, आपला उजवा हात थरथरतोय. तिच्या आईचा हात असाच पन्नाशीत थरथरू लागला होता. आधी नुसता बशीतला कप वाजायचा, पुढं घास तोंडापर्यंत जाईना. कंपवात. सुनेत्रानं चोपन्नावं गाठलं होतं. पंधरा दिवस तिनं ही गोष्ट पोटात ठेवली आणि मग नवऱ्याला सांगितली.

शशिकांत हूफडॉर्पच्या ऑफिसात सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारा माणूस. तो म्हणाला, "एका वेळी एकच गोष्ट तपासायची. आधी तुझ्या मापाचं पक्कं टेबल करू. त्यावरही छर्रे पांगले, तर डॉक्टर. तोवर रडायचं नाही."

या गृहस्थानं जन्मात खिळा ठोकलेला नव्हता. अकरा व्हिडिओ पाहिले, बाउमार्क्ट म्हणतात त्या लाकूड-हत्यारांच्या दुकानातून पाइनच्या फळ्या आणल्या आणि मागच्या शेडमध्ये सुताराचं दुकान मांडलं. टेबल उभं राहिलं, पण हललं. मग त्यानं एक पाय अर्धा सेंटिमीटर कापला. आता दुसरा लांब झाला. तो कापला, तर तिसरा.

सुनेत्रा दारातून म्हणाली, "अहो, असंच चाललं तर पोळपाट होईल त्याचा."

"तुझ्या मापाचंच करायचंय ना? मग येतंय की मापाला!"

शेवटी टेबल शेडमध्ये दगडासारखं घट्ट बसलं. क्लबात नेलं आणि पुन्हा डुगडुगलं! कारण गोठ्याची जमीन विटांची. इथली भुईच पाणी हटवून मिळवलेली, वर्षाला थोडी खचते, म्हणून एक वीट वर तर एक खाली. शशिकांतनं पायाखाली पुठ्ठा घातला. सुनेत्रानं पाच छर्रे मारले. पाचही पाच दिशांना.

वातावरण हलकं करायला शशिकांत म्हणाला, "नाचता येईना..." आणि तिचा चेहरा पाहून जीभ चावली.

टेबल घेऊन दोघं घरी आली. तिला एक गोष्ट ठाऊक होती आणि ती सांगायचं धाडस होत नव्हतं. तिचे वडील खळ्यात उफणणीला तिवईवर उभे राहायचे. त्या तिवईला तीनच पाय. ढेकळांवर ठेवा नाहीतर खड्ड्यात, डुगडुगणार नाही. तीन पाय कसेही जमिनीला टेकतातच. चौथ्या पायामुळंच सगळं भांडण. हे सांगितलं की टेबल पक्कं होणार आणि मग बोल लावायला टेबल उरणार नाही. उरणार फक्त हात.

दोन दिवस तिनं तसेच काढले. तिसऱ्या दिवशी शशिकांत पुन्हा करवत घेऊन निघाला, तेव्हा म्हणाली, "अहो, मागचे दोन पाय काढा. मधोमध एकच लावा."

"तीन पायांवर जास्त हलेल गं."

"लावा म्हणते ना!"

शनिवारी शेजाऱ्यांच्या बाकफिट्समध्ये, म्हणजे पुढं मोठी पेटी असलेल्या सायकलीत, टेबल उताणं घालून शशिकांत पायडल मारत निघाला. सुनेत्रा बसनं गेली. टेबल विटांवर ठेवलं. वीबेनं तळव्यानं दाबून पाहिलं, मग कमरेनं रेटलं. हलेना. तो आत गेला आणि वाळूची पिशवी घेऊन आला. "हिच्यावर रायफल टेकव, सोपं जाईल."

"नको वीबे. पिशवी घेतली तर हाताचं मला काहीच कळायचं नाही."

वीबेला अर्थ लागला नाही, पण पिशवी त्यानं परत नेली. सुनेत्रा बसली. पाय जमिनीला टेकले, कोपरं फळीला. श्वास अर्धा सोडला, धरला. एक. दोन. शशिकांत भिंतीकडं तोंड करून उभा होता, बघायची छाती नव्हती त्याची. तीन. चार. पाच.

वीबे लांब टांगा टाकत कार्ड घेऊन आला आणि तिच्यापुढं ठेवलं. पाच भोकं, सगळी मिळून शर्टाच्या बटणाएवढी.

सुनेत्रानं कार्ड उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. मग पदर नव्हता म्हणून जाकिटाच्या बाहीनं डोळे पुसले. शशिकांत भिंतीकडूनच म्हणाला, "सांगा की कुणीतरी! मी वळू का नको?"

"वळा हो. हात बरा आहे माझा."

तो वळला, कार्ड पाहिलं आणि जपून खिशात ठेवलं. मग म्हणाला, "चल, घरी जाऊ आता."

"थांबा जरा. इतके दिवस भीत भीत मारले, आता चार मजेसाठी मारते."

तिनं नवं कार्ड लावायला सांगितलं आणि छर्रा भरला. हसता हसताच चाप ओढला. छर्रा कार्ड सोडून लाकडी चौकटीत घुसला आणि वीबेसकट सगळा गोठा तिच्याबरोबर हसला.