कुंकवाचं माप

मी शाळेत गणित शिकवतो. वर्तुळ, त्रिज्या, व्यास हे माझं रोजचं दळण. म्हणून ही फजिती सांगण्याआधी दोन्ही कान पकडतो.

दर भाऊबीजेला मामा भंडारदऱ्याकडून आमच्याकडे देवळाली प्रवऱ्याला यायचे. यंदा गुडघ्यांनी त्यांना घरी बसवलं. "तो न्हाई येत, तर मी जाते," आई म्हणाली. एसटी तिला लागते, म्हणजे आपली गाडी काढणं आलं. आणि नेमकं चार दिवस आधी उसाच्या ट्रॉलीला बाजू देताना मी गाडी खड्ड्यात घातली! पुढच्या चाकाची लोखंडी डिस्क पार वाकली. स्टेपनी लावून घरी आलो, पण तिचा टायर गुळगुळीत. तिच्या भरवशावर, जादा चाकाशिवाय, आईला घाट चढवायची माझी छाती नव्हती.

मोटारसायकलवर नगर गाठलं. जुन्या सुट्या भागांच्या दुकानात डिस्कांची थप्पी लागलेली.

"चौदा इंची, चार बोल्टांची द्या," मी ऐटीत म्हणालो.

"सर, जुनी आणलीय का मापाला?"

"ती सकाळीच भंगारात दिली. अहो, चार म्हणजे चार, त्यात मोजायचं काय?"

घरी जॅक लावला, चाक काढलं, आणलेली डिस्क चढवायला गेलो. एक बोल्ट भोकात शिरला, बाकीचे तीन पत्र्याला अडले. फिरवून पाहिली, ढकलून पाहिली, शेवटी लाथ घातली. माझाच अंगठा सुजला. मग शाळेतली पट्टी आणून समोरासमोरच्या बोल्टांमधलं अंतर मोजलं. तीनदा मोजलं, तीन उत्तरं आली. एखाद्या पोरानं असं केलं असतं तर मी त्याला बाकावर उभा केला असता.

"आता हे चाकच मोटारसायकलला बांधून नेतो," मी करवादलो.

आई ओट्यावरून बघत होती. "मास्तर, चपलेचं माप न्यायला पाय कापून नेता व्हय?"

ती उठली. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा आणि कुंकवाचा करंडा घेऊन आली. कुंकू पाण्यात कालवलं, चारही बोल्टांच्या टोकांना आणि मधल्या गोल कडेला लावलं, अन् पुठ्ठा धरून वरून दाबला. लक्ष्मीची पावलं उमटावीत तसे चार लाल ठिपके आणि मधोमध एक गोल उमटला. करंडा मात्र रिकामा झाला.

पाडव्याचा मुहूर्त म्हणून दुकान उघडं होतं. पुठ्ठा बघून दुकानदार हसत सुटला. "सर, पत्रिका जुळवायला आलात का?" पण माणूस कामाचा. एकेक डिस्क पुठ्ठ्यावर ठेवून तो भोकांतून बघत गेला. सहाव्या डिस्कच्या चारही भोकांत ठिपके बरोब्बर मधोमध दिसले, मधलं भोकही जुळलं. "घ्या, छत्तीस गुण!" घरी ती एका दमात बसली. मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की शेजारचे बाहेर आले.

भाऊबीजेला दुपारी पोचलो. मामा सकाळपासून उपाशी, दारात खुर्ची टाकून बसलेले. मामींनी ताट आणलं, करंडा पुढं केला. आईनं तो बाजूला सारला. पिशवीतून पुठ्ठा काढला, एका ठिपक्यावर ओलं बोट फिरवलं आणि मामांच्या कपाळाला लावलं.

"ह्याच कुंकवानं आणलं रे मला."

"आक्का, मला वाटलं यंदा ओवाळणी हुकली," मामा म्हणाले आणि चक्क रडायला लागले. माझेही डोळे भरून आले.

मग धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत त्यांनी पुठ्ठा हातात घेतला. एक ठिपका पुसट झालेला, तीन लालभडक. "तीनच भाऊबीजा उरल्या गं ह्यात."

"मग काय झालं?" आई माझ्याकडे बघत म्हणाली. "ह्याला पुढची गाडी पाच बोल्टांची घ्यायला लावू."