मशीनमध्ये राहिलेला कागद
झेरॉक्सच्या गरम कागदाचा वास आला की अजून मी मशीनचं झाकण उचलून बघते. आम्ही मुली रेवदंड्याहून रिक्षाने कॉलेजला जायचो तेव्हाची गोष्ट. मुलींच्या संडासाला आतून कडी नव्हती, म्हणून मी प्राचार्यांना अर्ज लिहिला, अकराजणींच्या सह्या घेतल्या आणि प्रती काढून मूळ कागद कॉलेजच्या मशीनमध्येच विसरले. धावत परतले तर इंटर्नलचे मार्क देणारे सर तोच वाचत उभे. "ह्यातली पुढारी कोण गं?" माझ्यामागून धावत आलेली कोळीवाड्यातली मैत्रीण म्हणाली, "सगल्याच हाव, सर. कडी नाय ती नायच." सरांनी कागद घडी करून खिशात घातला. कडी आठवड्यात बसली, पण निकाल लागेपर्यंत त्यांच्या तासाला आम्ही मान वर केली नाही. एका कडीसाठी एवढं भ्यायला लावतात, हा राग अजून गेलेला नाही.